उजवा खांदा गेला तर बेडवरून खुर्चीत कशी येऊ? व्हीलचेअर वापरणाऱ्यांची खांदे, मनगट, मान दुखी

रंकाळाकाठ । ९ जानेवारी, रात्री १.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते पण आता रात्रीची झोपच उडालीये त्यामुळे बसलेच लिहायला. लांब होईल, सांभाळून घ्या.

२०११ साली माझा टू व्हीलरचा अपघात झाला, मणका डी १० ला (पाठीचा दहावा मणका) तुटला, बेंबीच्या खाली हालचाल नाही आणि संवेदना पण नाही. तेव्हापासून व्हीलचेअर. एका पतसंस्थेत नोकरी करते, साईड व्हील लावलेल्या स्कूटरवरून जाते, घरी एक खुर्ची आणि ऑफिसात एक. स्वयंपाक अर्धा आई अर्धा मी. म्हणजे सगळं नीट बसलं होतं हो, खूप वर्षं लागली बसवायला.

आता सहा महिने झाले, उजवा खांदा. आधी फक्त ट्रान्सफर करताना, म्हणजे खुर्चीतून बेडवर वगैरे सरकताना, टचकन कळ यायची आणि जायची, मी म्हटलं होईल बरं. मग केस विंचरताना, कुर्ता डोक्यातून घालताना, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढताना. आता उजव्या कुशीवर झोपताच येत नाही. सगळी रात्र डाव्या कुशीवर काढली तर डाव्या बाजूला बेडसोर (सतत दाब पडून होणारी जखम) व्हायची भीती, २०१४ ला एक भोगलाय, चार महिने पालथी पडून काढलेत, तो परत नको.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले तीन आठवडे हाताला पूर्ण विश्रांती द्या. मी विचारलं, अहो चालणाऱ्या माणसाचा गुडघा दुखला तर तो बसून राहील, मी कशात बसून राहू? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. काल मी मोजलं, बेड खुर्ची, खुर्ची कमोड, परत, अंघोळीचं स्टूल, परत, स्कूटर, ऑफिसची खुर्ची असं करत करत दिवसाला १४ ट्रान्सफर. शिवाय बेडसोर होऊ नये म्हणून दर अर्ध्या तासाला दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलते ते वेगळंच, तसंच शिकवलं होतं मला.

तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का, काय केलंत? आणि हे परत बरं होतं का, खरं सांगा.

अबोली२२ । ९ जानेवारी, सकाळी ७.०५

ताई वाचून कसंतरी झालं. माझा अनुभव नाही पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय. इथे एक दोघं फिजिओ आहेत, बघतील नक्की.

पिंपळपार । ९ जानेवारी, सकाळी ९.४०

माझ्या भावाचं सी ५ आहे म्हणजे मानेतला मणका, हात अर्धवट चालतात. त्याचा खांदा त्याने नाही, आम्ही बिघडवला. हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय बगलेत हात घालून किंवा दंडाला धरून वर ओढायचे, ते बघून आम्ही घरी पण तसंच केलं, दीड वर्षं. त्याचे खांद्याभोवतीचे स्नायू आधीच लुळे, त्यात ओढाओढ, सांधा खाली सरकला आणि सतत ठणकायला लागला. नंतर एका फिजिओने दाखवलं की दंड धरायचाच नाही, कमरेला पट्टा बांधून तो धरायचा, किंवा खाली चादर घालून दोघांनी चादरीने सरकवायचं. आणि बसलेला असताना हात लोंबकळत ठेवायचा नाही, खाली उशी द्यायची. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी आजपासून दंड धरून ओढणं बंद करा, हात जोडून सांगतो.

गोदाकाठची_फिजिओ । ९ जानेवारी, दुपारी २.१५

रंकाळाकाठ, आधी खुर्चीबद्दल सांगा. कुठून घेतली, वजन किती, सीटची रुंदी किती आणि तुमच्या नितंबांची रुंदी किती, आर्मरेस्ट निघतात का, मागचं चाक तुमच्या खांद्याच्या रेषेत येतं की मागे आहे. टायर हवेचे की भरीव रबराचे. पाठीचं कापड ताणलेलं आहे की त्याची झोळी झालीये. बेडची उंची आणि खुर्चीची उंची पण मोजून टाका. खांद्याबद्दल नंतर बोलू.

रंकाळाकाठ । ९ जानेवारी, रात्री १०.३०

मोजलं सगळं आईकडून. खुर्ची २०१२ ला एका शिबिरात मिळालेली, घडीची, लोखंडी. वजनकाट्यावर १९ किलो. सीट १८ इंच, मी १४ इंच, म्हणजे दोन्ही बाजूला दोन दोन इंच जागा रिकामी. आर्मरेस्ट फिक्स, निघत नाहीत, मी त्याच्या पुढून वळसा घालून उडी मारते. चाक खांद्याच्या बरंच मागे. टायर भरीव. झोळी तर झालीच आहे, मागची आणि खालची पण. बेड २३ इंच, खुर्ची उशीसकट २०. आणि स्कूटरची सीट त्याहून वर, ती मोजली नाही.

हे सगळं आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं मला. १४ वर्षांत कुणीच नाही.

गोदाकाठची_फिजिओ । १० जानेवारी, दुपारी ३.५०

बरं, आता सविस्तर लिहिते. आधी एक सांगते, तुमचा खांदा तपासल्याशिवाय मी निदान करत नाहीये, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागला तर करावाच लागेल. पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन आमच्याकडे येणाऱ्या व्हीलचेअरवरच्या पेशंटमध्ये इतकं सारखं असतं की न बघता पण बराचसा अंदाज येतो.

माणसाच्या खुब्याचा सांधा खोल वाटीत बसवलेला असतो, कारण त्याला अख्खं शरीर पेलायचंय. खांद्याला वाटी नाही, बशी आहे म्हणा, उथळ, कारण हात सगळीकडे फिरायला हवा. त्या बशीत हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. आता तुम्ही हातांवर जोर देऊन बूड उचलता तेव्हा अख्ख्या धडाचं वजन खालून येतं आणि तो गोळा वर ढकलला जातो, वर हाडाचं छप्पर आहे, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीतून सुप्रास्पायनॅटस नावाच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, जातो. तो चेमटतो. एकदा चेमटून काही होत नाही, पण दिवसाला १४ ट्रान्सफर आणि वर दर अर्ध्या तासाला पुशअप, गुणिले १४ वर्षं. वेगवेगळ्या अभ्यासांत हाताने खुर्ची चालवणाऱ्यांपैकी ३० ते ७० टक्के लोकांना खांदेदुखी सापडलीये, म्हणजे तुम्ही एकट्या नाही, आणि तुमचं काही चुकलं म्हणून झालं असंही नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही दिवसभर पुढेच ढकलता. त्यामुळे छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे ढिले पडतात, खांदे पुढे येतात, वर झोळीसारख्या पाठीमुळे पोक येतं, आणि पोक आलं की समोर बघायला मान मागे टाकावी लागते. म्हणजे खांदा, मान आणि दोन फऱ्यांच्या मधलं दुखणं हे बऱ्याचदा तीन आजार नसतात, एकच असतो.

अमेरिकेत पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका म्हणून माजी सैनिकांची संघटना आहे, त्यांच्या पुढाकाराने २००५ साली मणक्याची इजा झालेल्यांचे हात कसे जपायचे याची मार्गदर्शक तत्त्वं निघाली, आम्ही अजून तीच धरून चालतो. त्यातलं तुमच्या कामाचं सांगते. खुर्ची जितकी हलकी मिळेल तितकी घ्या, आणि मागच्या चाकाचा ॲक्सल पुढेमागे करता येणारी. चाक जेवढं पुढे तेवढं ढकलायला सोपं, फक्त खुर्ची मागे कलंडायचा धोका वाढतो म्हणून ते कुणीतरी जाणकार जवळ असतानाच थोडं थोडं पुढे आणायचं. हात रिमच्या (चाकाबाहेरची, हाताने ढकलायची कडी) अगदी वरच्या टोकावर ठेवलात तर कोपर १०० ते १२० अंशात वाकलेलं हवं. घरी बघायची सोपी खूण म्हणजे हात सरळ खाली सोडला की बोटांची टोकं चाकाच्या मधोमध ॲक्सलपाशी यायला हवीत. तुमची १८ इंची सीट आहे म्हणजे चाकं लांब, तुम्ही दोन्ही हात बाहेर फाकवून ढकलताय, ते पण खांद्यालाच लागतं.

ढकलताना छोटे छोटे पटापट धक्के नाही द्यायचे. मागून धरून लांब एकच सावकाश रेटा, मग हात रिमच्या खालून आपोआप झुलत मागे आणायचा.

आणि ते पुशअप आजपासून बंद करा. काही सेकंद बूड उचलून त्वचेला हवं तेवढं रक्त परत येतच नाही, त्याला साधारण दोन मिनिटं लागतात आणि दोन मिनिटं कुणी हातावर उचलून राहू शकत नाही. त्याऐवजी छाती मांड्यांवर टेकेल इतकं पुढे वाका, किंवा टेबलावर कोपर टेकून आधी एका बाजूला मग दुसऱ्या बाजूला कला, दोन दोन मिनिटं. कातडीलाही बरं आणि खांद्यालाही. पुढे झुकताना तोल जात असेल तर सुरुवातीला कुणाला तरी समोर बसवा.

व्यायाम फोनवर सांगते, इथे वाचून कुणी आपापले सुरू करू नका. पण धीर यावा म्हणून एक सांगते. कॅलिफोर्नियात रँचो लॉस अमिगोस नावाचं पुनर्वसन रुग्णालय आहे, तिथला एक अभ्यास २०११ ला छापून आला. पॅराप्लेजिया (दोन्ही पाय लुळे) आणि खांदेदुखी असलेले ८० जण होते. एका गटाला १२ आठवडे घरी करायचे व्यायाम दिले आणि ट्रान्सफर, ढकलणं, बूड उचलणं यांची पद्धत बदलायला शिकवलं, दुसऱ्या गटाला नुसता माहितीचा व्हिडिओ दाखवला. पहिल्या गटाचं दुखणं सुरुवातीच्या साधारण एक तृतीयांशावर आलं, दुसऱ्याचं होतं तसंच राहिलं. तेव्हा बरं होतं का याचं उत्तर, हो, बऱ्याच जणांचं खूप कमी होतं. विश्रांतीने नाही, पद्धत बदलून.

औसा_रोड । १० जानेवारी, रात्री ९.१५

ताई मी लिहिणारा माणूस नाही पण तुमचं वाचून राहवलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे आमच्या गावात घर अंगावर आलं, मी १९ वर्षांचा होतो, दगडामातीचं माळवद होतं, चार तासांनी काढलं मला. कंबर मोडलेली. त्या पहाटेत आमच्याकडं लई जणं असे झाले. तीस वर्षांवर झाली आता खुर्चीत.

पहिली वीस वर्षं मला वाटायचं हात म्हणजे लोखंड आहेत. शेतात खुर्ची घालायचो, चिखलातून रेटायचो, कुणी मागून ढकलायला आलं की राग यायचा. कळ यायला लागली तर गोळी खायची आणि परत रेटायचं. दोन्ही खांद्यांची वाट लागली. उजव्यातला तो टेंडन पूर्ण फाटला, ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशनचं सांगतो, ते कुणी आधी सांगत नाही, शिवलेल्या खांद्यावर कित्येक महिने वजन टाकायचं नाही म्हणजे ट्रान्सफर बंद म्हणजे तुम्ही परत पहिल्या दिवसावर. बायको आणि धाकटा भाऊ उचलायचे मला, बायकोची कंबर गेली त्यात, मला मागं सोर झाला. एवढं करून हात डोक्याच्या वर आजही जात नाही. तेव्हा ऑपरेशनची वेळ येऊ देऊ नका. तुमचं सहा महिन्यांचं आहे, माझं मी दहा वर्षं अंगावर काढलं होतं.

मग मी काय बदललं तर लाकडी पलंगाचे पाय सुताराकडून कापून घेतले, खुर्चीच्या उशीच्या बरोबर उंचीला आणले. कमोडखाली सिमेंटचा ओटा करून तो वर आणला. आणि एक फळी केली, पलंग ते खुर्ची घालायची, तिच्यावरून सरकायचं, उचलायचं नाही. जायचं तेव्हा खालच्या बाजूला जायचं, चढाला जायचं नाही. तुमचा पलंग २३ आणि खुर्ची २० म्हणताय म्हणजे झोपायला जाताना रोज रात्री दमलेल्या खांद्यानं तीन इंच चढ चढताय तुम्ही.

रंकाळाकाठ । १० जानेवारी, रात्री ११.५०

दादा, तीन इंच चढ. हे वाचून मी रडले. रोज रात्री नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त कळ येते आणि मला वाटायचं दिवसभराच्या थकव्याने येते.

फिजिओताई खूप खूप आभार, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

सांजवात । ११ जानेवारी, सकाळी १०.१०

मी पोलिओवाली. लहानपणापासून कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्या, पन्नाशीनंतर खुर्ची. माझं दुखणं मनगटाचं. रात्री झोपेत अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर व्हायची, मुंग्या यायच्या, उठून हात झटकायचा मग जरा बरं. चहाचा कप हातातून सुटायला लागला तेव्हा दाखवलं. नसांची चाचणी केली, कार्पल टनेल. एका हातावर नाही, दोन्हीवर. मला सांगितलं की तळहात सपाट टेकवून त्याच्यावर जोर द्यायची सवय आहे ना, त्यात मनगट पूर्ण मागे वाकतं आणि आतली नस दबते. आता मी गादीची किंवा सीटची कड पकडते, बोटं कडेवरून खाली सोडते, म्हणजे मनगट सरळ राहतं. रात्री पट्टी लावून झोपते. सहा सात महिन्यांत बधिरपणा बराच कमी झाला.

पोलिओवाल्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. आपले स्नायू आधीच अर्धे काम करतात, त्यांना दामटून व्यायाम दिला तर उलट आणखी कमजोर होतात. मी एकदा उत्साहात वजनं उचलली आणि महिनाभर ब्रश धरता येईना. दमायच्या आधी थांबायचं.

कोकणकडा । ११ जानेवारी, दुपारी १२.३०

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ इलेक्ट्रिक खुर्ची का घेत नाही लोक? माझ्या आतेभावाने घेतली, मस्त फिरतो.

औसा_रोड । ११ जानेवारी, दुपारी १.०५

मी नाही घेतली अजून. एकतर वजनदार, रिक्षात चढत नाही, आमच्याकडं लाईट गेली तर चार्जिंग नाही. आणि खरं सांगायचं तर मनाला पटत नाही. हातानं चालवतो तोवर मी चालतोय असं वाटतं.

गोदाकाठची_फिजिओ । ११ जानेवारी, दुपारी ४.२०

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्याचा मान ठेवून बोलते. इलेक्ट्रिक घेणं म्हणजे हरणं नाही. खांद्याचे धक्के मोजून मापून मिळालेत असं समजा, ते घरात, स्वयंपाकात, नातवंडांना मांडीवर घेण्यात खर्च करायचे की डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटरच्या चढाला, हे ठरवायचं. आता मधला मार्ग पण आहे, हाताच्या खुर्चीला पुढून मोटरचं चाक अडकवायचं आणि घरी आलं की काढून ठेवायचं. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या नियोमोशन कंपनीचं नियोबोल्ट त्याच प्रकारचं आहे, आणि त्यांची नियोफ्लाय खुर्ची माणसाच्या मापाने बनवून देतात. बाहेरच्या देशांतल्या हलक्या खुर्च्या पण मिळतात, महाग पडतात. पण मापाची खुर्ची हवी हे आधी डोक्यात बसू दे, कुठली ते नंतर. चष्मा आपण दुसऱ्याच्या नंबरचा घालत नाही.

खडकीकर । ११ जानेवारी, रात्री ८.००

माझे काका फौजेत होते, जखमी झाल्यावर खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये होते, मी लहानपणी दर रविवारी जायचो. तिथे बास्केटबॉल बघितलाय खुर्चीवरचा, काय वेग असायचा. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण, हे काका प्रत्येक नव्या मुलाला सांगायचे.

माझा प्रश्न असा की खेळाने खांदे लवकर जातात का? काकांचा मित्र बास्केटबॉलवाला, त्याचे खांदे शेवटपर्यंत ठणठणीत होते, आणि काका खेळायचे नाहीत त्यांचेच दुखायचे.

गोदाकाठची_फिजिओ । ११ जानेवारी, रात्री १०.४०

सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. खेळणाऱ्याचं वजन आटोक्यात राहतं, पाठीचे स्नायू मजबूत होतात, हा मोठा फायदा, कारण वाढलेला प्रत्येक किलो ट्रान्सफरला खांद्यावरच येतो. पण डोक्यावरून फेकायचे खेळ दुखऱ्या खांद्याने खेळू नयेत. पोहता येत असेल तर पाठीवर पोहणं चांगलं, छाती उघडते, आपण दिवसभर करतो त्याच्या उलटी हालचाल होते.

अबोली२२ । १२ जानेवारी, सकाळी ११.००

शेक आणि तेलाचं काय? माझी आजी महानारायण तेल लावायची गुडघ्याला.

पिंपळपार । १२ जानेवारी, दुपारी १२.४५

शेकाबद्दल लिहायलाच हवं. भावाने खांदा शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली, नंतर ती मांडीवर ठेवली आणि टीव्ही बघत बसला. मांडीला कळतच नाही ना गरम. संध्याकाळी पॅन्ट काढली तेव्हा तळहाताएवढा फोड. तीन महिने ड्रेसिंग. त्यामुळे पिशवी वापरायची तर दुसऱ्याने धरायची आणि दुसऱ्याने उचलून न्यायची. चहाचा कप, लॅपटॉप, गरम ताट, काहीच मांडीवर नाही.

गोदाकाठची_फिजिओ । १२ जानेवारी, दुपारी ३.००

पिंपळपार यांना पूर्ण अनुमोदन. आणि गोळ्यांबद्दल पण तेवढंच कडक सांगते. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून महिनोन्महिने खाऊ नका, मणक्याच्या पेशंटच्या किडनीवर लघवीच्या त्रासामुळे आधीच ताण असतो, त्यात या गोळ्या. पायात, कमरेखाली जी जळजळ आणि शॉक बसल्यासारखं होतं ते दुखणं वेगळं, नसांचं, त्याची औषधं वेगळी. दोन्ही एकाच गोळीने जात नाहीत.

घाई करून डॉक्टरकडे कधी जायचं? हाताची पकड अचानक कमी झाली, दंडाला गरम गार कळेनासं झालं, खोकला शिंक आली की मानेतून हातात कळ जाते, तर मणक्यात पाण्याची पोकळी वाढत असू शकते, सिरिंगोमायेलिया म्हणतात, अपघातानंतर कित्येक वर्षांनी पण होते, त्याला एमआरआय लागतो. आणि खांद्याच्या दुखण्याबरोबर घाम, धाप, छातीत दाब असेल तर तो खांदा नाही, हृदय बघा. ज्यांची इजा वरच्या मणक्यात आहे त्यांना पोटातलं दुखणं पोटात कळत नाही, पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात कळू शकतं.

रंकाळाकाठ । २ फेब्रुवारी, रात्री ९.३०

सगळ्यांना सांगायचं म्हणून आले. तीन आठवड्यांत काय काय झालं.

ताईंनी मला १५ प्रश्न पाठवले, व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या खांदेदुखीची एक मोजपट्टी आहे १९९५ पासूनची, ट्रान्सफर, चढ चढणं, वरच्या फळीवरून वस्तू काढणं, पाठ धुणं, झोप, अशा एकेका कामाला दुखण्याचे दहापैकी मार्क द्यायचे. माझे १५० पैकी ८२ आले. सगळ्यात जास्त झोपेला आणि बेडवर चढण्याला.

बेडचे पाय कापले, तीन इंच. आईला खाली वाकून चादर घालायला त्रास होतो म्हणून आधी वाईट वाटलं पण ती म्हणाली काप गं, मी स्टूल घेऊन बसेन. खुर्चीचे आर्मरेस्ट वेल्डिंगवाल्याने कापून काढते घालते करून दिले, २०० रुपये घेतले. खालच्या झोळीखाली प्लायचा तुकडा घातला आणि वर आधीची उशी, तर खुर्ची उंच झाली, मग परत बेडशी माप जुळवलं. साखर, चहा, मसाल्याचा डबा सगळं ओट्याच्या खालच्या कप्प्यात आणलं. पुशअप बंद, काउंटरवर कोपर टेकून कलते, ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं की मी दोन मिनिटं अशी झोपल्यासारखी दिसेन तर हाका मारू नका.

व्यायाम ताईंच्या देखरेखीखाली व्हिडिओ कॉलवर. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून मागे ओढायचं, कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, आणि छाती ताणायची. इतका हलका पट्टा की मला पहिल्यांदा पटेना याने काही होईल म्हणून.

अवघड राहिलंय ते स्कूटर. ती खुर्चीपेक्षा सात इंच वर आहे, मोजली. सध्या वॉचमन काका आणि एक सहकारी मिळून उचलून बसवतात. मला ते आवडत नाही, स्पष्ट लिहिते. १४ वर्षांत मी कुणाला उचलू दिलं नव्हतं. पण कळ येत नाही.

सांजवात । ३ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

वाचून फार बरं वाटलं गं. ऑफिसच्या बाहेर स्कूटरसाठी छोटा ओटा बांधून घ्यायला सांग ना, उतार १२ ला १ चा, म्हणजे एक फूट वर चढायला १२ फूट लांबी. खुर्ची त्या ओट्यावर आली की स्कूटरच्या बरोबरीला येईल. आमच्या सोसायटीत उतार केला तो इतका उभा केला की पैलवानाला पण खुर्ची चढवता येणार नाही, दोनदा पत्र दिलं तेव्हा बदलला. माप लेखी दे त्यांना.

रंकाळाकाठ । ११ एप्रिल, रात्री १०.१५

परत मार्क दिले आज. ८२ चे ३६. उजव्या कुशीवर तासभर झोपता येतंय. कुर्ता अजून डोक्यातून घालताना आधी दुखरा हात मग चांगला असं करावं लागतं. नवीन मापाची खुर्ची ऑर्डर केली आहे, पैसे दोन हप्त्यांत. पतसंस्थेने ओटा बांधायला होकार दिलाय, मी उताराचं माप लेखी दिलं आणि एक चित्र काढून दिलं.

औसा_रोड दादा, त्या फळीचं नेमकं माप सांगाल का? इथला सुतार विचारतोय. आणि तुमच्या डाव्या खांद्याचं कसं आहे आता?

औसा_रोड । १२ एप्रिल, सकाळी ६.३०

लिहून घ्या. २८ इंच लांब, ९ इंच रुंद, १८ एमएमचा चांगला प्लाय, हलका घेऊ नका, मधून वाकतो. दोन्ही टोकं खालच्या बाजूनं रंध्यानं उतरती करायची म्हणजे बुडाखाली सहज शिरतात. एका टोकाजवळ हात धरायला खाच करा, पण बोटं फळीखाली जाऊ द्यायची नाहीत सरकताना, चेंगरतात. सगळीकडून पॉलिश पेपर मारून घ्या, कडेला हात फिरवून बघा, आपल्याला खालचं कळत नाही म्हणून सुताराच्या नाही तर आईच्या हातानं बघा, एक कुसळ राहिलं तरी सोर होतो. वर पॉलिश गुळगुळीत. उघड्या अंगानं कधी सरकायचं नाही, कातडी ओढली जाते, पॅन्ट नाही तर चादरीचा तुकडा मध्ये पाहिजेच, आणि मागच्या खिशावर बटण असलेली पॅन्ट नको. फळीचं एक टोक खुर्चीत आणि एक गादीवर चांगलं आत पाहिजे. खुर्चीचे ब्रेक लावायचे, दोन्ही.

डावा दुखतोय. पुढच्या मंगळवारी फिजिओताईंचा व्हिडिओ कॉल ठरलाय.